एव्हर्टचं चालणं

“कमी म्हणजे शून्य नव्हे, हाल्वार,” डॉक्टर म्हणाली.

हाल्वारने टेबलावर आपटलेलं वर्तमानपत्राचं कात्रण तिने उचललं नव्हतं. ते तसंच तिच्या कॉफीच्या कपाला टेकून पडलं होतं. आयुष्यभर हालचाल करणाऱ्या पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका कमी, असा त्याचा ठळक मथळा होता आणि खाली जंगलातल्या वाटेवर हसत चालणाऱ्या एका पांढऱ्या केसांच्या माणसाचा फोटो.

“वाच की!” हाल्वार म्हणाला. “तुमच्याच लोकांनी लिहिलंय. आपल्याच जिल्ह्यातल्या पुरुषांचा अभ्यास करून. त्यात मीही होतो. बारा वर्षांपूर्वी घरोघर ते जाडजूड लिफाफे आले होते ना, कामावर किती बसता, किती चालता, सायकल किती चालवता? ते या गावात मीच वाटले. सायकलवरून.”

“मला माहितेय तू टपाल वाटायचास.”

“एकोणचाळीस वर्षं! बर्फ फारच झाला की स्की बांधून जायचो, पण एक दिवस गाडीत बसलो नाही. नव्वद किलोमीटरची स्कीची शर्यत एकतीस वेळा पुरी केली. सिगारेट नाही, दारू नावाला. आणि तू मला सांगतेस की मला कॅन्सर आहे.”

“आहे,” डॉक्टर नस्रीन म्हणाली. ती त्याच्या मुलीच्या वयाची होती, पण तिचा आवाज त्याच्या आवाजापुढे दबत नव्हता. “आणि तो ग्रंथीच्या बाहेर आलाय. हाडं अजून स्वच्छ दिसतात, ही चांगली गोष्ट आहे. हार्मोन दाबणारी इंजेक्शनं सुरू करू, मग रेडिएशन. इंजेक्शनांनी अंगातला जोर कमी होईल, घाम फुटेल, रडूही येईल कदाचित. तरी चालणं सोडू नकोस. त्याने उपचार सोसायला बळ मिळतं.”

“चालणं सोडू नकोस!” हाल्वार हसला. ते हसणं ऐकून बाहेरच्या नर्सने दारातून डोकावून पाहिलं. “अगं, चालून काय उपयोग झाला?”

“तुझ्यासारखी हजार माणसं घे आणि खुर्चीत बसून राहिलेली हजार घे. तुझ्या हजारांत हा आजार थोड्या कमी जणांना होतो. एवढंच त्या अभ्यासात आहे. कोणाला होणार, हे त्यात लिहिलेलं नाही.”

“मग मथळ्यात तसं छापा ना!”

त्याने कात्रण उचललं, चुरगाळून खिशात कोंबलं आणि तो उठला. तो दारापाशी पोचल्यावर डॉक्टरने विचारलं, “त्रास कधीपासून होता, हाल्वार? लघवीला उठावं लागणं वगैरे?”

तो दार ओढून निघाला. उत्तर बाहेर गाडीत बसलं होतं.

*

गुनवोरने त्याचा चेहरा पाहिला आणि गाडी चालू केली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तीनशे पोरांचं जेवण रांधलेली ही बाई. रागावली की आवाज चढवण्याऐवजी गप्प होणारी. चर्च मागे पडलं, तळं मागे पडलं. बर्च झाडांची पिवळी पानं रस्त्यावर चिकटून बसली होती.

“आहे,” शेवटी हाल्वारच म्हणाला.

“दोन वर्षं,” गुनवोर म्हणाली. “दोन वर्षं मी सांगत होते की दाखवून घे. रात्री चार-चार वेळा उठत होतास. काय म्हणाला होतास मला?”

“गुनवोर…”

“‘तो आजार बसणाऱ्यांचा. मला?’ असं म्हणाला होतास. छातीवर थाप मारून.” तिने गियर असा बदलला की गाडी कण्हली. “आता माझ्याशी बोलू नकोस. मला गाडी नीट चालवू दे.”

घरी आल्यावरही ती बोलली नाही. बटाटे उकडले, मासा तळला, ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि आपलं ताट घेऊन खिडकीपाशी जाऊन जेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. हाल्वारला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

लहान गावात बातमीला पाय लागत नाहीत, पंखच फुटतात. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. आणि मग हाल्वारला एक नवीनच गोष्ट समजली. ज्याला त्याला त्याची चूक शोधायची होती.

बेकरीतल्या बाईने पाव बांधताना मान तिरपी करून विचारलं, “तुला? कसं काय बाई? गोड फार खायचास का लपूनछपून?” दुकानातल्या रांगेतला एकजण म्हणाला, “अती व्यायामानेही होतं म्हणे. शरीर झिजतं.” शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी तर त्याचा दंडच धरला. “मनात काही साठवून ठेवलं होतंस का रे, हाल्वार? साठलेलं तिथेच जाऊन बसतं.”

“कुठे?” हाल्वारने विचारलं. “नेमकं कुठे जाऊन बसतं, सांग की!”

मास्तरीणबाई लाल झाल्या आणि निघून गेल्या.

हाल्वारच्या तळपायाची आग मस्तकात जाई. कोणाला दुःख नव्हतं असं नाही. पण दुःखाच्या आधी भीती होती. याने काहीतरी चुकीचं केलं असलं पाहिजे, म्हणजे मी ते केलं नाही की मी सुटलो. प्रत्येकाच्या डोळ्यांत तो हाच हिशेब वाचत होता.

मंगळवारी स्तूरे आला. स्कीच्या क्लबचा हा सेक्रेटरी, तीस वर्षांचा दोस्त. ते कात्रण त्यानेच कापून आणून दिलं होतं. गुरुवारी पेन्शनरांच्या सभागृहात ‘चालता-बोलता आयुष्य’ असा कार्यक्रम त्याने ठरवला होता आणि भाषण हाल्वारचं होतं. पत्रकावर फोटोही हाल्वारचाच होता, शर्यतीच्या शेवटच्या रेषेवरचा, मिशांना बर्फ लागलेला.

स्तूरे अंगणातच उभा राहिला. टोपी हातात फिरवत होता.

“कसं वाटतंय तुला?”

“तू सांग. तुला कसं दिसतंय?”

“गुरुवारचं म्हणत होतो… तू विश्रांती घे. मी बोलेन. नाहीतर शहरातून ती फिजिओथेरपीवाली येईल.”

“मी मरायला टेकलोय का? चार वाक्यं बोलता येतात मला.”

“तसं नाही रे. पण विषय कोणता आहे, बघ ना. हालचाल करा, आजार टाळा. आणि तूच उभा राहिलास तर… लोकांचा उत्साह जाईल. कोणी म्हणेल, मग आम्ही कशाला घराबाहेर पडायचं?”

हाल्वारने लाकडाच्या ढिगावरची कुऱ्हाड उचलून बाजूला ठेवली. हातात असायला नको म्हणून.

“म्हणजे मी आता वाईट जाहिरात झालो.”

“असं कोण म्हणतंय?”

“तूच म्हणतोयस, गाढवा! नीघ इथून.”

*

गुरुवारी सभागृहात नेहमीप्रमाणे वाटाण्याचं घट्ट सूप होतं, आणि नंतर पॅनकेक. साठ-सत्तर माणसं जमली होती. फिजिओथेरपीवाली मुलगी खुर्चीत बसल्या बसल्या घोटे कसे फिरवायचे ते दाखवत होती आणि म्हातारे आज्ञाधारकपणे घोटे फिरवत होते. भिंतीवर अजून हाल्वारचा फोटो होता. काढायला कोणाला सुचलं नव्हतं, की धीर झाला नव्हता.

हाल्वार मागच्या दाराने आत आला आणि सरळ पुढे गेला. स्तूरे अर्धवट उठला, मग बसला.

“माझं नाव पत्रकावर आहे,” हाल्वार त्या मुलीला म्हणाला. “दहा मिनिटं दे.”

तिने माइक देऊन टाकला.

“तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे,” तो म्हणाला, “तरी माझ्या तोंडून ऐका. मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. मी गोड खात नव्हतो. मनात काही साठवलं नव्हतं. अती व्यायामही केला नाही. काही चुकलं नाही माझं! चुकलं असेल तर एकच, बायको सांगत होती तेव्हा डॉक्टरकडे गेलो नाही. का गेलो नाही? तर मला माज होता. ज्याचे पाय चालतात त्याला काही होत नाही, हा माज.”

मधल्या रांगेतून एक थरथरता आवाज आला. “म्हणजे आम्ही चालायचं की नाही, हाल्वार?”

“चाला ना, बाबांनो! चालणं चांगलंच आहे. धोका कमी होतो, पेपरवाले खोटं नाही बोलत. पण ज्याला आजार झाला त्याच्याकडे गुन्हेगाराकडे बघावं तसं बघू नका. तुझं काय चुकलं, असं विचारू नका. त्या माणसाला आधीच…”

बोलता बोलता त्याची नजर सभागृहाच्या टोकाला गेली. तिथे सुपाच्या पातेल्यामागे मार्ता उभी होती. एव्हर्टची बायको मार्ता. आठ वर्षांपूर्वी विधवा झालेली. हातात डाव घेऊन ती त्याच्याकडे पाहत होती. त्या पाहण्यात आश्चर्य नव्हतं, कीव नव्हती. गाडी कधी येते याची वाट पाहणारं माणूस जसं रुळांकडे पाहतं, तशी ती पाहत होती.

हाल्वारने माइक खाली घेतला.

एव्हर्ट. टपाल कार्यालयाच्या खिडकीमागे अडतीस वर्षं बसलेला, गोलमटोल, विनोदी एव्हर्ट. अभ्यासाचा तो लिफाफा आला तेव्हा त्याने सगळ्यांना वाचून दाखवत आपली उत्तरं लिहिली होती. ‘काम: बसून. फुरसत: बसून. झोप: नाइलाजाने आडवा.’ आणि तीन वर्षांनी एका सकाळी खिडकी अर्धी ओढून त्याने हाल्वारला हळूच सांगितलं होतं की आपल्याला प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय. तेव्हा हाल्वार काय म्हणाला होता, ते शब्दन् शब्द त्याला आठवले. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्याच्या जिभेला त्या दिवशी लाज नव्हती.

“एव्हर्टला मी म्हणालो होतो,” तो पुन्हा माइकमध्ये म्हणाला; आवाज आता वेगळाच येत होता, “अडतीस वर्षं त्या खुर्चीत अंडी उबवत बसलास, दुसरं काय होणार? असं म्हणालो होतो मी. हसत.”

सभागृहात घोटेसुद्धा हलायचे थांबले.

मार्ताने डाव पातेल्यात सोडला. अ‍ॅप्रनची गाठ सोडली, तो घडी घालून टेबलावर ठेवला आणि कोट घेऊन ती बाहेर पडली. दार तिने आपटलं नाही. हळूच लावलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हाल्वार तिच्या घरी गेला. लाल रंगाचं लाकडी घर जंगलाच्या कडेला होतं. एकोणचाळीस वर्षं त्याने त्या फाटकावरच्या पेटीत पत्रं टाकली होती. मार्ता सफरचंदांचे तुकडे करत होती. तिने त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

“मी माफी मागायला आलोय,” तो म्हणाला.

“मागितलीस की काल. सत्तर जणांपुढे. माइक घेऊन.” सुरी फळीवर टकटक चालली होती. “आठ वर्षं हे घर इथेच होतं, हाल्वार. निवृत्त होईपर्यंत तू रोज फाटकापाशी येत होतास. स्वतःला झाल्यावर आठवण आली.”

“मला वाटलं होतं थट्टेत बोललो. आमचं तसंच बोलणं असायचं.”

“थट्टा!” मार्ताने सुरी खाली ठेवली. “त्याने ती थट्टा घरी आणली. त्या टेबलाशी बसून मला म्हणाला, मार्ता, हाल्वारचं बरोबर आहे, मीच ओढवून घेतलं. मी म्हटलं, तो गधा आहे. पण त्याने तुझंच ऐकलं. कारण तू धावत होतास आणि तो बसला होता. तू पुढे काय म्हणालास ते आठवतं? की तेवढं विसरलास?”

हाल्वार फळीवरच्या सुरीकडे पाहू लागला.

“अजूनही ऊठ, म्हणालास. रोज चाल. आणि चढावर चाल, सपाटीवर म्हाताऱ्या चालतात.”

“हो.”

“त्याच्या हाडांत पोचला होता रे तो! डॉक्टरने सांगितलं होतं, सपाट रस्त्यावर, थोडंसं, कोणाला बरोबर घेऊन. मी बरोबर जायला निघाले की लाजायचा. म्हणायचा, बायकोचा हात धरून चालताना हाल्वारने पाहिलं तर? रोज सकाळी त्या मागच्या टेकडीवर जायचा. ओठ चावत यायचा. मी त्याचे बूट काढायचे तेव्हा पाय थरथरत असायचे. आणि तू सायकलवरून जाताना हात वर करून ओरडायचास.”

“शाब्बास, एव्हर्ट,” हाल्वार पुटपुटला.

“शाब्बास, एव्हर्ट! तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी परत जायचा. नोव्हेंबरमध्ये टेकडीवर त्याची मांडी मोडली. पडून मोडली नाही, हाल्वार. मोडली म्हणून पडला. हाड आतून पोखरलेलं होतं. चार तास पावसात पडून होता. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईला दिसला. पुढचे सात महिने तिथे,” तिने आतल्या खोलीकडे बोट केलं, “पाठीवर. उताणा. खिडकीतून टेकडी दिसायची म्हणून मी पडदा लावून ठेवायचे.”

“लोक म्हणत होते घसरला म्हणून.”

“तुला विचारता आलं असतं. तू आला नाहीस. अंत्यविधीला आलास. आणि चर्चबाहेर म्हणालास, शेवटी तरी उठला होता बिचारा. मी तुझ्या मागे उभी होते.”

 हाल्वारने दाराची चौकट धरली. आठ दिवस तो जगावर चिडला होता. पेपरवर, डॉक्टरवर, स्तूरेवर, बेकरीतल्या बाईवर. तो सगळा राग आता पायाखालची फळी निसटावी तसा निसटला आणि खाली दुसरा सापडला, जुना, स्वतःच्याच नावाचा.

“मला तुझी माफी मिळणार नाही,” तो म्हणाला.

“नाही,” मार्ता म्हणाली. “मी प्रयत्न करून पाहिला. पाद्रीबाबांनीही सांगितलं. जमत नाही. एव्हर्ट त्याच आजाराने जाणारच होता, मला कळतं ते. पण ते सात महिने तो व्हरांड्यात बसून जाऊ शकला असता. गप्पा मारत. बसणं त्याला फार छान जमायचं.”

तिने सफरचंदांचे तुकडे पातेल्यात लोटले.  हाल्वार वळला, तेव्हा तिने विचारलं, “इंजेक्शनं देणार आहेत?”

“सोमवारपासून.”

“गुनवोरला कोणी काही सांगितलंय?”

“गुनवोर माझ्याशी बोलत नाही.”

“बरं करते.”

तिने टेबलाच्या खणातून कागद काढला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या लिहायला लागली. एक बाजू संपली, तिने कागद उलटला. हाल्वार चौकट धरून उभा होता. लिहून झाल्यावर तिने कागदाची घडी केली आणि हात लांब करून, त्याच्या बोटांना स्पर्श होणार नाही अशी, त्याच्यापुढे धरली.

“हे तुझ्यासाठी नाही. गुनवोरसाठी आहे. उघडू नकोस.”

“नाही उघडत.”

आयुष्यभर त्याने लोकांची पत्रं पोचवली होती; एकही उघडलं नव्हतं. हेही त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. टेकडीच्या पायथ्याची वाट जवळची होती, पण तो मोठ्या रस्त्याने, सायकल हातात धरून घरी आला.

गुनवोर स्वयंपाकघरात होती. त्याने घडी टेबलावर ठेवली. “मार्ताने दिलंय. तुला.”

गुनवोरने हात पुसले आणि वाचायला घेतलं. तो समोर उभा राहिला. मागच्या बाजूची मोठी, टोकदार अक्षरं त्याला उलटी दिसत होती, तेवढी मात्र त्याने वाचली.

रात्री घामाने अंथरूण भिजेल, दोन जास्तीच्या चादरी हाताशी ठेव. विनाकारण रडेल, तेव्हा काही बोलू नकोस, नुसती खोलीत रहा. कपडे बदलताना लाजेल, तोंड फिरव. तुझाही राग राहील, तो घेऊन तळ्याकडे जाऊन ये. कोणी सल्ला द्यायला आलं तर दारातूनच परत पाठव.

गुनवोरने कागद पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. मग तो घडी घालून अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवला, ती आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडून चादरी मोजायला लागली.